उत्तर-व्हिक्टोरियन लंडनचे उच्चभ्रू, त्यांचे स्टुडिओतले फोटो आणि कार्डाची मागची बाजू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात मला एक कार्ड मिळालं. हाताच्या पंजाएवढं, जाड पुठ्ठ्याचं, कडेला सोनेरी मुलामा. फोटो पिवळट तपकिरी. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली एक तरुण बाई, खांद्याशी फुग्यासारख्या फुगलेल्या बाह्या, कोपरापासून खाली मात्र हात अगदी घट्ट आवळलेले. मागे लंडनच्या एका स्टुडिओचा पत्ता, राजघराण्याचं चिन्ह, आणि ‘निगेटिव्ह जपून ठेवल्या जातात, प्रती केव्हाही मिळतील’ अशी ओळ. बाईचं नाव कुठेच नाही.

हे कार्ड ज्याला दाखवावं तो आधी चेहरा बघतो आणि मग तेच तेच प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळ्यांना माझी एकच विनंती असते: कार्ड उलटून बघा. हा फोटो कुणी काढला, कुठल्या पेठेत काढला, प्रती कोण विकत होतं, हे मागे लिहिलेलं असतं, आणि त्याशिवाय पुढचा चेहरा कळत नाही.

‘उत्तर-व्हिक्टोरियन’ म्हणजे नेमका कुठला काळ?

ढोबळमानाने १८७० च्या दशकापासून २२ जानेवारी १९०१ ला राणी व्हिक्टोरिया वारली तोपर्यंतचा. काही गोष्टी समजायला त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांतही डोकवावं लागतं.

फोटो काढून घेणं ही श्रीमंतांचीच चैन होती का?

सुरुवातीला होती. मग १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एक पेटंट घेतलं. एकाच काचेवर आठ छोटे फोटो घ्यायचे, एकदम छापायचे, कापायचे आणि भेटीच्या कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. याला ‘कार्त-द-व्हिझित’ म्हणत. पुठ्ठा साधारण अडीच इंच बाय चार इंच. खर्च एकदम खाली आला आणि दुकानदार, कारकून, नोकरीवर असलेली मोलकरीणसुद्धा वर्षातून एकदा फोटो काढून घेऊ लागली.

इंग्लंडमध्ये ही लाट खरी उसळली ती १८६० मध्ये. जॉन मेयॉल या फोटोग्राफरने राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि मुलांचे फोटो काढले आणि राणीच्या परवानगीने ते कार्डाच्या रूपात विक्रीला आणले. मुकुट आणि झगमगाट बाजूला ठेवून बसलेली राणी, शेजारी नवरा, एखाद्या मध्यमवर्गीय घरातल्यासारखी. लोकांना ते फार भावलं. राणी स्वतःच अशी कार्डं हौसेने जमवत असे. मग काय, घरोघरी दिवाणखान्यात चामड्याच्या बांधणीचे अल्बम आले. पहिल्या पानावर राणी, मग एखादा सेनापती, एखादा बिशप, आणि त्यांच्याच रांगेत आपली मावशी.

१८६६ च्या सुमारास मोठं ‘कॅबिनेट कार्ड’ आलं, सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं. यात चेहरा मोठा दिसतो आणि कपड्यांची शिलाईसुद्धा मोजता येते. फॅशनेबल समाजाला हेच हवं होतं. १८८० आणि १८९० च्या दशकांवर कॅबिनेट कार्डाचंच राज्य आहे. माझं कार्डही त्यातलंच.

खानदानी घरातल्या बायकांचे फोटो खरंच दुकानात विकायला असायचे?

हो, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो. रीजंट स्ट्रीटवरच्या दुकानांच्या काचेआड राजकन्या, नट्या, मंत्री, धर्मगुरू आणि सरदारांच्या बायका एकाच ओळीत मांडलेल्या असत. छोट्या कार्डाला साधारण शिलिंग-दीड शिलिंग पडत. डाउनी बंधूंच्या स्टुडिओने १८६८ मध्ये युवराज्ञी अलेक्झांड्राचा, तान्ह्या लुईजला पाठुंगळी घेतलेला फोटो काढला. त्याच्या तीन लाख प्रती खपल्याचं सांगतात. कुठल्याही आईने मुलाला घ्यावं तसं घेतलेलं, आणि दोघींची नजर थेट आपल्याकडे. आजही तो बघताना पटकन पान उलटवत नाही.

१८७० च्या दशकाच्या शेवटी याच व्यवहारातून एक नवी जमात निघाली. वर्तमानपत्रं तिला ‘प्रोफेशनल ब्यूटी’ म्हणत, थोडक्यात पी.बी. नावावरून गैरसमज होतो. या बायका सौंदर्यावर पोट भरत नव्हत्या. चांगल्या घरातल्या, लग्न झालेल्या, ज्यांच्या रूपाची शहरभर चर्चा असे आणि ज्यांचे फोटो दुकानात लागत अशा त्या होत्या. मेजवानीच्या आमंत्रणात ‘अमुक पी.बी. येणार आहे’ एवढं कळलं की माणसं येत.

त्यातली सगळ्यात गाजलेली लिली लँग्ट्री. जर्सी बेटावरच्या एका धर्मगुरूची मुलगी, जन्म १८५३, नवऱ्याबरोबर १८७६ मध्ये लंडनला आली. धाकटा भाऊ गेल्याचं सुतक होतं, म्हणून अंगावर एकच साधा काळा पोशाख. दागिना नाही. रत्नांनी मढलेल्या बायकांच्या दिवाणखान्यात ती त्या काळ्या पोशाखात उभी राहिली आणि चित्रकारांची रांग लागली. मिले या चित्रकाराने काढलेलं तिचं चित्र १८७८ मध्ये प्रदर्शनात लागलं. पण चित्र बघायला प्रदर्शनात जावं लागतं, फोटो मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तिचा चेहरा लोकांच्या इतका ओळखीचा झाला की ती पार्कात दिसली की माणसं खुर्च्यांवर चढून बघत. युवराजाशी असलेलं तिचं नातं तर उघड गुपित होतं.

माझ्या मते खरा बदल इथे झाला. तोपर्यंत उच्चभ्रू समाज म्हणजे एकमेकांना ओळखणारी काही हजार माणसं, आणि कोण कसं दिसतं हे त्यांचं त्यांना माहीत. आता हॅटची दुकानदारीणही डचेसला चेहऱ्यावरून ओळखू लागली. ओळखीचा हा रस्ता एकतर्फी होता, पण एकदा उघडल्यावर तो परत बंद करता आला नाही.

मग या विक्रीचे पैसे त्या बायकांना मिळायचे का?

बहुतेक वेळा नाही, आणि मिळतात असं छापणं धोक्याचं होतं. १८७९ मध्ये ‘टाउन टॉक’ या साप्ताहिकाचा संपादक अडॉल्फस रोझेनबर्ग याने मिसेस कॉर्नवॉलिस-वेस्ट या दुसऱ्या प्रसिद्ध सुंदरीबद्दल लिहिलं की तिने घरीच फोटोची सोय करून ठेवली आहे, ती दिवसभर पोशाख बदलून फोटो काढून घेते आणि विकल्या गेलेल्या प्रतींवर दलाली खाते. त्याआधी त्याने लँग्ट्री जोडप्याच्या घटस्फोटाच्या वावड्याही छापल्या होत्या. दोन्ही नवरे कोर्टात गेले. रोझेनबर्गला अठरा महिन्यांची कैद झाली.

आज हे वाचून ‘एवढ्याशासाठी?’ असं वाटतं. पण आरोप नेमका कुठे लागला ते बघा. फोटो विकले जात होते याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, ते तर सगळ्यांना दिसत होतं. सरदारघराण्यातली बाई त्यातून पैसे कमावते, म्हणजे ती नटीच्या पंगतीला बसते, हा खरा डंख होता. गंमत अशी की दोनच वर्षांनी, डिसेंबर १८८१ मध्ये, घरची परिस्थिती ढासळल्यावर लिली लँग्ट्री खरोखर रंगमंचावर उतरली, आणि पुढे पेअर्स साबणाच्या जाहिरातीतही झळकली. तिने आपला चेहरा स्वतःच्या हातात घेतला, असं मी मानतो. जो पैसा इतकी वर्षं दुकानदार कमवत होते, तो निदान काही प्रमाणात तिच्याकडे आला.

कायद्याने फोटो कुणाचा?

१८६२ च्या कायद्यानुसार फोटोचे पैसे तुम्ही मोजले असतील तर हक्क तुमचा, आणि काचेची निगेटिव्ह मात्र फोटोग्राफरच्या कपाटात. म्हणूनच नामवंत माणसांना स्टुडिओवाले स्वतःहून बोलावत आणि फुकट फोटो काढत. पैसे घेतले नाहीत की हक्क स्टुडिओकडे. असे फोटो स्टेशनर्स हॉल या हक्कांच्या नोंदणीच्या कचेरीत नोंदवत, अर्जाला अनेकदा एक प्रत जोडलेली असे. ते अर्ज आज लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जुन्या फोटोची तारीख शोधणाऱ्यांसाठी तो मोठा खजिना आहे.

‘माझा फोटो काचेत लावू नका’ असं साध्या माणसाला म्हणता यायचं का?

१८८८ पर्यंत हे धड कुणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी रॉचेस्टरच्या एका फोटोग्राफरने आपल्याच एका ग्राहक बाईचा, मिसेस पोलार्डचा, फोटो नाताळाच्या शुभेच्छापत्रावर छापून दुकानात मांडला. तिने रीतसर पैसे देऊन फोटो काढून घेतला होता. ती आणि तिचा नवरा कोर्टात गेले आणि न्यायाधीश नॉर्थ यांनी बंदीचा हुकूम दिला. ग्राहकाने दिलेल्या कामासाठीच निगेटिव्ह वापरायची हा करार तिथे न बोलता होतच असतो, आणि हा विश्वासभंगही आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे खासगीपणाच्या हक्काबद्दल जे काही लिहिलं गेलं त्यात या खटल्याचा दाखला वारंवार येतो. डचेसना जे जमलं नव्हतं ते एका सर्वसाधारण घरातल्या बाईने करून दाखवलं.

कुणीच हसत का नाही? दात खराब होते म्हणून?

दातांचा मुद्दा थोडा खरा, पण सगळं ओझं त्यावर टाकू नका. ‘खूप वेळ स्थिर बसावं लागे’ हे कारणही १८५० आणि ६० च्या दशकांना लागू पडतं. तेव्हा कोलोडियन नावाच्या रसायनाचा ओला थर दिलेली काच वापरत आणि काही सेकंद तरी हलता येत नसे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, १८७८ च्या सुमारास त्या प्लेटा वेगवान झाल्या आणि बाजारात मिळू लागल्या. त्यानंतर सेकंदाच्या अंशात फोटो निघू शकत होता. तरीही माणसं गंभीरच.

कारण फोटोची रीत तैलचित्रावरून आली होती. पूर्वजांच्या चित्रात कुणी दात दाखवत नाही, मग आपण का दाखवायचे? आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीचे लग्नातले फोटो काढून बघा. नवरा-नवरी दोघंही परीक्षेला बसल्यासारखी. ती दुःखी होती म्हणून नव्हे, फोटो ही गंभीरपणे करायची गोष्ट होती म्हणून.

पायामागे लोखंडी स्टँड दिसतो. तो मेलेल्या माणसाला उभं करायला असायचा ना?

नाही. हे फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलं आहे की दर महिन्याला कुणीतरी मला पाठवतं. तो स्टँड जिवंत माणसाची मान हलू नये म्हणून असे. मागून दोन बोटांसारखा चिमटा डोक्याला नुसता टेकायचा. एवढ्याशा दांडीवर मृतदेहाचं वजन पेलणं अशक्य आहे. मृतांचे फोटो त्या काळी काढत हे खरं, विशेषतः लहान मुलांचे. पण ते पलंगावर, पाळण्यात, आईच्या मांडीवर निजलेले असत, आणि त्यात फसवणूक काही नव्हती. ज्या मुलाचा जिवंतपणी एकही फोटो नाही, त्याचा एक तरी असावा, एवढीच ती ओढ. त्या फोटोंना भुताखेतांच्या गोष्टीत ओढणं मला फार खटकतं.

इतकी नितळ कातडी, इतकी बारीक कंबर! खरंच अशा होत्या का?

कॉर्सेटने कंबर आवळत हे खरं. बाकीचं काम पेन्सिलीचं आणि चाकूचं.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे काचेवर ती जागा पारदर्शक असते. रिटचिंग करणारा काच तिरक्या चौकटीवर ठेवी, खालून आरशाने उजेड वर घेई आणि अणकुचीदार पेन्सिलीने त्या पारदर्शक रेघा भरून काढी. पेन्सिल चिकटावी म्हणून आधी वॉर्निशचा हात देत. जिथे भर घातली तिथे प्रिंट उजळ येतो. उलट एखादी उजळ गोष्ट गडद करायची असेल तर काचेवरचा थर चाकूच्या टोकाने खरवडायचा. गडद पडद्यासमोर फिक्या पोशाखात उभ्या असलेल्या बाईची कंबर अशी दोन्हीकडून खरवडली की प्रिंटमध्ये इंच-दीड इंच गायब.

माझ्या कार्डावरची बाई दहापट भिंगातून बघितली तर हे सगळं दिसतं. कपाळावर बारीक-बारीक स्वल्पविरामांसारख्या खुणांची जाळी आहे, एकमेकींत गुंतलेली, भुवईच्या वर आणखी दाट. डोळ्यांखाली ती अर्धगोलात वळते. कपाळ दगडी मूर्तीसारखं गुळगुळीत दिसतं ते यामुळे. हात मात्र कुणी शिवलेला नाही. खुर्चीवरच्या डाव्या हाताच्या शिरा दिसतात, मधल्या बोटाच्या पेरावर लहानसा व्रण आहे. चेहऱ्याचे पैसे घेतले होते, हाताकडे बघायला वेळ नव्हता. मला ती बाई त्या हातातच भेटते.

हे काम मोठ्या स्टुडिओत पगारी माणसं दिवसभर करत, त्यात बायका बऱ्याच होत्या. पोझ देणारा वेगळा, प्लेट धुणारा वेगळा, रिटचिंग वेगळं, प्रिंट चिकटवणं वेगळं. कार्डावर नाव छापलेलं असतं मालकाचं. तो मालक त्या दिवशी स्टुडिओत होता की नाही, कोण जाणे.

फोटोवरून कपड्यांचा रंग सांगता येतो का?

जपून. त्या प्लेटांना निळा उजेड फार जाणवे आणि तांबडा-पिवळा जवळजवळ जाणवतच नसे. त्यामुळे आकाशी पोशाख पांढरा दिसतो, पिवळाधमक काळपट येतो. निळे डोळे भुतासारखे फिके पडतात, चेहऱ्यावरचे तांबूस ठिपके शाईसारखे उठून दिसतात (पेन्सिलवाल्यांना आणखी काम). रंगांचा तोल सांभाळणाऱ्या प्लेटा १८८० च्या दशकात येऊ लागल्या, पण त्याही तांबड्याला आंधळ्याच. तेव्हा काळा पोशाख बघून लगेच ‘विधवा असणार’ म्हणू नका.

डोक्यात तीन पिसं आणि मागे लांबच लांब पदर, असे इतके फोटो का आहेत?

त्या मुली राणीपुढे हजर होऊन आलेल्या आहेत. अठराव्या वर्षाच्या आसपास मुलीला दरबारात ‘सादर’ करत, किंवा लग्नानंतर नव्या नावाने पुन्हा. नियम कडक: उघडा गळा, डोक्यात पांढरी पिसं, खांद्यापासून लोळणारा कित्येक हातांचा पदर. हा सोहळा बकिंगहॅम राजवाड्यात दुपारी असे. तासन् तास गाडीत आणि रांगेत उभं राहून राणीपुढे जेमतेम मिनिटभर. एवढा खर्चाचा पोशाख पुन्हा कधी घालणार? म्हणून गाडी परस्पर फोटोग्राफरकडे.

लंडनचं धुकं आणि संध्याकाळ यांवर उपाय सापडला होता. हेन्री व्हॅन डर वाइड याने १८७७ मध्ये रीजंट स्ट्रीटवर विजेच्या दिव्यावर चालणारा स्टुडिओ काढला. इंजिनावर डायनामो फिरवून आर्क दिवा पेटवायचा, त्याचा थेट झोत झाकून टाकायचा आणि मोठ्या वाटीसारख्या परावर्तकावरून उजेड पसरवायचा. काचेच्या छपराखाली सूर्याची वाट बघणारा धंदा यानंतर रात्रीही चालू लागला.

१८९७ च्या त्या प्रसिद्ध वेशभूषा-मेजवानीचे फोटो कुठले?

२ जुलै १८९७. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा उत्सव नुकताच पार पडला होता. पिकॅडिलीवरच्या डेव्हनशायर हाउसमध्ये डचेस लुईझने सातशेच्या आसपास पाहुणे बोलावले. अट एकच: १८१५ च्या आधीचा ऐतिहासिक किंवा रूपकात्मक पोशाख. युवराज सेंट जॉनच्या योद्ध्यांचा प्रमुख होऊन आला, युवराज्ञी मार्गरेट ऑफ व्हॅल्वा, यजमान ड्यूक सम्राट पाचवा चार्ल्स, आणि डचेस स्वतः पाल्मिराची राणी झेनोबिया. तिचा पोशाख पॅरिसच्या वर्थच्या पेढीने शिवला होता आणि तो आजही चॅट्सवर्थच्या वाड्यात जपलेला आहे.

फोटोसाठी लाफायेत स्टुडिओला बोलावलं. नाव फ्रेंच, माणूस डब्लिनचा. जेम्स स्टॅक लॉडरने १८८० मध्ये पॅरिसचा वास यावा म्हणून हे नाव घेतलं होतं. वाड्यामागच्या बागेत त्याने तंबू ठोकला, रंगवलेले पडदे टांगले, आणि रात्रभर एकेक क्लिओपात्रा, एकेक शूर सरदार आत येत राहिला. ज्यांना त्या रात्री जमलं नाही त्यांनी पुन्हा तोच पोशाख चढवून नंतर स्टुडिओ गाठला. यातले २८६ फोटो निवडून डचेससाठी खासगी अल्बम छापला गेला. त्यात थोडे फोटो इतर स्टुडिओंचेही आहेत.

छापलेल्या अल्बमात सगळं देखणं दिसतं. पण लाफायेतच्या काचेच्या निगेटिव्ह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि त्या पूर्ण, न कापलेल्या स्वरूपात बघायला मिळतात. मला त्या जास्त आवडतात. पडद्याची कडा संपते आणि पलीकडे रिकामी जागा उघडी पडते. रंगवलेला राजवाडा एका फुटावर थांबतो. मध्ये ती व्यक्ती, डोक्यावर मुकुट, पूर्ण गंभीर.

अल्बमात शीबाची राणी झालेली एक तरुणी आहे, प्लेसची राजकन्या डेझी. ती मिसेस कॉर्नवॉलिस-वेस्टची मुलगी. आईच्या फोटोंवरून एक संपादक तुरुंगात गेला, आणि अठरा वर्षांनी मुलगी फोटोग्राफरच्या तंबूपुढे राजकन्यांच्या रांगेत. एवढ्या काळात फोटो काढून घेणं हा प्रतिष्ठेचा भाग होऊन गेला होता.

स्टुडिओ चालवणाऱ्या बायका होत्या का?

होत्या, आणि अ‍ॅलिस ह्यूजचं नाव आधी घ्यायला हवं. वडील चित्रकार. १८९१ मध्ये तिने लंडनच्या गॉवर स्ट्रीटवर त्यांच्या घराला लागून स्टुडिओ काढला. नियम असा की फोटो फक्त बायकांचे आणि मुलांचे. धंदा इतका वाढला की दिवसाला पंधरापर्यंत बैठका आणि हाताखाली साठेक बायका. तिचे प्रिंट प्लॅटिनमचे असत. त्यांना चांदीसारखा मऊ करडा रंग येतो आणि ते पिवळे पडत नाहीत. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या नेहमीच्या कागदावरचे फोटो आज पिवळे पडलेत, तिचे अजून ताजे आहेत.

बायकांनीच बायकांचे फोटो काढायचे, ही सोय आपल्याकडेही झाली होती. फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला जनानी स्टुडिओ काढला आणि मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईकडे सोपवला.

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं?

मुंबई मागे नव्हती. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. १८९६ मध्ये दीनदयाळांनीही मुंबईत शाखा काढली.

पण मराठी माणसाच्या मनात त्या काळचा एक फोटो पक्का बसलेला आहे आणि तो अमेरिकेतला आहे. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. लुगड्यातली आनंदीबाई जोशी, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि सीरियाच्या पोशाखातली साबात इस्लामबुली. लंडनच्या त्या तंबूत माणसं दुसऱ्यांचे पोशाख घालून उभी राहिली, या तिघी आपापल्या घरच्या पोशाखात बसल्या. फोटोखाली तिघींची नावं आणि गावं लिहिली आहेत. कुणीतरी ती लिहून ठेवली म्हणून आज आपण त्यांना नावाने हाक मारतो.

दुकानातली ही विक्री कधी थांबली?

एका दिवसात नाही. १८९० च्या दशकात हाफटोन छपाई, म्हणजे बारीक ठिपक्यांनी फोटो छापण्याची पद्धत, स्वस्त झाली आणि फोटो सरळ साप्ताहिकात छापता येऊ लागला. ‘द स्केच’ १८९३ मध्ये निघालं. १८९७ मध्ये सुरू झालेल्या ‘कंट्री लाइफ’च्या पहिल्या पानावर खानदानी बाईचा फोटो हा रिवाजच पडला. सहा पेन्यांच्या अंकात डझनभर चेहरे मिळत असताना एका कार्डाला शिलिंग कोण देणार? त्यात १८८८ पासून कोडॅकचा सोपा कॅमेरा आलेला, घरोघरी लोक स्वतःच फोटो काढू लागले.

माझ्याकडच्या कार्डाचं साल कसं ओळखू?

आधी पुठ्ठा. पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचा असेल तर १८६० चं दशक, गोल कोपरे त्यानंतरचे. जाड पुठ्ठा, तिरकी कापलेली सोनेरी कड, गडद हिरवा किंवा काळा रंग म्हणजे १८८० च्या पुढे. मग मागची बाजू: १८६० मध्ये नुसतं नाव-पत्ता, पुढे वेलबुट्टी, पदकं आणि राजचिन्हांनी पूर्ण पाठ भरते. पदकावर साल असेल तर कार्ड त्यानंतरचं. पत्ता सगळ्यात भरवशाचा, कारण स्टुडिओ जागा बदलत आणि जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत त्यांची वर्षं सापडतात.

शेवटी कपडे. कमरेखाली मागे टेबलासारखा फुगवटा असेल तर १८८० च्या दशकाचा मध्य. फुगलेल्या बाह्या सगळ्यात मोठ्या होत्या त्या १८९५-९६ मध्ये, नंतर झपाट्याने उतरल्या. माझ्या कार्डाचं साल मी यावरूनच धरलं आहे. एक लक्षात ठेवा: म्हातारी माणसं जुन्याच फॅशनचे कपडे घालत, त्यामुळे घोळक्यात असेल तर सगळ्यात तरुण बाईकडे बघा.

घरात असं कार्ड सापडलं तर काय करायचं?

पुठ्ठ्यापासून फोटो सोडवू नका. ओलं कापड लावू नका. सेलोटेप तर अजिबात नको. मी स्कॅन करायला दिलेलं एक कार्ड कडेला टेप लावून परत आलं आणि ती काढताना फोटोचा वरचा थर निघाला. लॅमिनेशनही नको. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा, म्हणजे ओल धरणार नाही.

स्कॅन करताना दोन्ही बाजू करा. घरात कुणी जुनं माणूस असेल तर कार्ड त्यांच्या हातात द्या आणि फोटोतल्या माणसाचं नाव विचारा. ते नाव मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, मागच्या बाजूच्या कोपऱ्यात लिहा. पेनने नको, शाई फुटते.